मेण ठेवा बाजूला, खळ शिजवा



आज गोडगोड काही नाही. आज भांडण आहे, आणि ते चक्क पिठावरून आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच उठावं. शाळेत मुलांना कापड रंगवायला शिकवायचं असेल तर उकळतं मेण आणि दुकानातले तयार डबे बाजूला ठेवा. स्वयंपाकघरातल्या खळीने शिकवा. मैदा, साबुदाणा, तांदूळ, गव्हाचा चीक, घरात जे असेल ते घ्या. ही विद्या आपल्या घराघरात चुलीपाशी बसलेली आहे. तिला विद्या म्हणायची मात्र आपली तयारी नाही.

आता घाई नसलेल्यांसाठी सविस्तर.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. कापडावर नक्षी उमटवायचे अनेक मार्ग आहेत. त्यातला एक फार जुना मार्ग असा, की जिथे रंग चढू द्यायचा नाही तिथे आधी काहीतरी आडवं घालायचं आणि मग कापड रंगवायचं. दोरा घट्ट बांधला की होते बांधणी. वितळलेलं मेण लावलं की होते बाटिक. चिखलाचा लेप छापला की होतं राजस्थानातलं दाबू. आणि पिठाची खळ लावली की... तिला आपल्याकडे नावच नाही! इंग्रजीत या आडव्या घालण्याला रेझिस्ट म्हणतात. मी पडले मराठीची बाई, मी त्याला 'अडसर' म्हणते. दाराला अडसर घातला की माणूस आत येत नाही, कापडाला घातला की रंग आत येत नाही. शब्द आवडला तर वापरा, हक्क राखून ठेवलेले नाहीत.

या भांडणाला निमित्त दोन झाली.

एका शाळेत (नाव कशाला?) दप्तराविना दिवसांसाठी बाटिकचा कार्यक्रम ठरत होता. जुन्या बाई म्हणून मलाही बोलावलं होतं. यादी तयारच होती: मेणाच्या वड्या, गॅसची शेगडी, रंगांचे डबे, बाहेरगावचे प्रशिक्षक. मी म्हटलं, अहो, मेण कशाला, पीठ घ्या की. त्यावर बैठकीत हशा पिकला. एक तरुण शिक्षक अगदी नम्रपणे म्हणाले, "बाई, ते पीठबीठ घरी ठीक आहे. इथे काहीतरी प्रोफेशनल पाहिजे."

दुसरं निमित्त आमच्या पुण्याच्या भाचीचं. तिचा फोन आला, "मावशी, मी जपानी कला शिकते आहे. तांदळाच्या पिठाची पेस्ट करून कापडावर लावायची, मग निळीत बुडवायचं. कसलं भारी आहे माहितीये!" त्यासाठी तिने बऱ्यापैकी शुल्कही भरलं आहे. मला तिचं कौतुकच वाटलं. पण मनात आलं, हेच पीठ पुण्यात जपानी नाव घेऊन आलं की कला, आणि पहूरला आपल्या डब्यातून निघालं की 'पीठबीठ'! माझं भांडण आहे ते इथे.

आधी मेणाचं बघू. मेणाशी माझं वैर नाही. बाटिक सुंदरच असते. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ साली जावा बेटावर गेले होते, आणि त्या प्रवासानंतर शांतिनिकेतनात बाटिक रुजली. तिथून ती देशभरच्या कलाशाळांत आणि हस्तकलेच्या वर्गांत गेली. मोठ्या माणसांनी, मोकळ्या हवेच्या जागेत, डोळ्यांत तेल घालून ती जरूर करावी. पण सहावीच्या वर्गात? मेण वितळवायला विस्तव हवा. ते पातळ राहावं म्हणून सतत तापतं ठेवायला हवं. फार तापलं की धूर, त्याहून तापलं की पेट, आणि पेटलेल्या मेणावर पाणी ओतलं तर भडका. मूल घाबरून पहिल्यांदा पाणीच ओतणार! पुन्हा रंगवून झाल्यावर मेण काढायला कापड उकळा. ते धुतलेलं पाणी मोरीत ओतलं की गार होऊन मेण नळीत गोठणार. बरं, एवढं करून मुलं काय करतात? चाळीस पोरं भिंतीला टेकून उभी, आणि प्रशिक्षक पुढे करून दाखवतात. मेणाच्या भांड्याजवळ मुलांना जाऊच द्यायचं नसतं, आणि ते बरोबरही आहे. मग मुलं शिकली काय? बघायला.

खळीला विस्तव लागला तर पाच मिनिटं, तोही बाईंनी लावायचा. मैद्याची कच्ची खळ असेल तर तेवढाही नाही. नंतर वर्गातल्या प्रत्येक मुलाचे हात त्यात बुडू शकतात. सांडली तर पुसता येते, अंगाला लागली तर धुता येते.

आता 'पीठबीठ' म्हणणाऱ्यांना जरा आपल्या खानदेशातल्या उन्हाळ्याची आठवण करून देते. कुरडया कशा होतात? गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटायचे, पिळायचे, चोथा बाजूला काढायचा. पांढरं पाणी रात्रभर ठेवलं की चीक तळाला बसतो आणि वरचं पाणी ओतून देता येतं. मग उकळत्या पाण्यात मीठ-हिंग टाकून तो चीक घोटायचा. घोटताना एक वेळ अशी येते की दुधासारखा पांढरा चीक बघता बघता काचेसारखा होतो आणि पळी जड लागायला लागते. तिथे थांबायचं असतं. आधी थांबलात तर कुरडई तुटते, उशीर झाला तर गोळा होतो. आमच्या गल्लीतल्या ज्या बाईने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही तिला ही वेळ बरोबर कळते.

पुस्तकात हेच वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असतं. पिठातल्या स्टार्चचे बारीक कण थंड पाण्यात विरघळत नाहीत. साधारण साठ-सत्तर अंश तापमानाला ते पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि त्यांचा चिकट सांजा होतो. तो वाळला की त्याचा पापुद्रा धरतो. कापडावर तो पापुद्रा म्हणजेच आपला अडसर. म्हणजे कुरडया घालणाऱ्या बाईला जे हाताला कळतं, त्यालाच रसायनशास्त्राच्या पुस्तकात एक लांबलचक नाव आहे. नाव पाठ केलेल्याला आपण 'सर' म्हणतो, आणि जिला हाताला कळतं तिच्याविषयी म्हणतो, "काही नाही हो, घरीच असते."

आणि खळ म्हणजे एकट्या कुरडयांचीच नव्हे. ज्वारीचे बिबडे करताना शिजवलेलं पीठ ओल्या कापडावर पसरतो ते काय आहे? सुती लुगड्याला कांजी कोण देत होतं? वह्या-पुस्तकं बांधणारे खळीत चिमूटभर मोरचूद घालत, म्हणजे कसर लागत नसे. धनगराच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते. विणकर ताण्याला पेज पाजत, त्याला 'पांजणी' असा स्वतंत्र मराठी शब्द आहे. भाषेत शब्द उगाच होत नाहीत, काम असतं म्हणून होतात.

आता आक्षेपांकडे वळते. गेल्या काही दिवसांत नातेवाइकांकडून आणि जुन्या सहकाऱ्यांकडून जे ऐकून घेतलं त्यातले तीन उत्तर देण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप: "अन्न आहे ते. कापडाला फासून धुऊन टाकायचं? पाप लागेल."

हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. आमची पिढी रेशनच्या रांगेत उभी राहिलेली आहे. १९७२ चा दुष्काळ आणि त्या वेळची सुकडी मी विसरलेले नाही. पण म्हणूनच हिशोब मांडू. एका रुमालाला खळ लागते दोन-तीन चमचे. चाळीस मुलांच्या वर्गाला किलोभराच्या आत पीठ पुरतं. आणि ते चांगलंच पीठ हवं असंही नाही. राजस्थानात बगरूला किंवा चित्तोडगड जिल्ह्यातल्या अकोला गावी (होय, आपल्या अकोल्याचा नामबंधू) दाबूचा लेप करतात, त्यात काळी माती, चुना, डिंक आणि किड्यांनी पोखरलेल्या गव्हाचं पीठ असतं. मुद्दाम पोखरलेल्याच गव्हाचं! जे माणसाने खायचं नाही ते कापडाला. आपल्याकडे सोंडे लागलेली ज्वारी, गिरणीच्या जात्याभोवती सांडलेलं पीठ, भाताची वेळलेली पेज, हे सगळं जातं कुठे? पापाची भीती वाटत असेल तर गिरणीतल्या झाडणीपासून सुरुवात करा. पाप नाही, उलट पुण्यच पदरी पडेल.

दुसरं म्हणजे, ज्यांना कापडाला पीठ लावणं पाप वाटतं त्यांनी आपल्या अंगावरच्या कपड्यांची चौकशी करावी. मागावर चढण्याआधी सुती ताण्याला स्टार्च पाजावाच लागतो, नाहीतर धागे घासून तुटतात. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल चालू होत्या तेव्हाही हेच होतं, आणि आज मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागांनाही ताणे असेच पाजून द्यावे लागतात. आपल्याच धुळे जिल्ह्यात दोंडाईच्याला मक्यापासून स्टार्च काढण्याचा कारखाना आहे. विणून झालं की तो स्टार्च धुऊन काढतात. म्हणजे तुमच्या सदऱ्याने आयुष्यात एकदा पोटभर जेवण केलेलं आहे! गिरणीने पोत्यांनी धुतलं तर तो उद्योग, आणि पोरांनी वाटीभर धुतलं तर ती नासाडी? एका लग्नाच्या पंगतीत ताटांत जे टाकून उठतात त्यात जिल्ह्यातल्या सगळ्या सहाव्या इयत्तांचे रुमाल होतील. त्याबद्दल कोणी बैठक घेतलेली मी पाहिली नाही.

दुसरा आक्षेप: "कच्चं काम आहे. टिकत नाही."

यात दोन गोष्टींची गल्लत आहे. खळ टिकायची नसतेच, ती धुऊन जायचीच असते. टिकायचा असतो रंग, आणि तो रंगाच्या जातीवर अवलंबून. तरीही खळीच्या मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात, कारण 'नैसर्गिक, नैसर्गिक' म्हणत नुसते टाळ कुटणाऱ्यांशीही माझं भांडण आहे.

खळ उकळत्या रंगात टिकत नाही. त्यामुळे मंजिष्ठा, डाळिंबाची साल असले जे रंग तापवून चढवतात ते इथे बाद. ती फार वेळ भिजत ठेवली तर सुटते. वाळताना तडकते, त्यामुळे केसासारखी बारीक रेघ नेहमी साधत नाही. थंड पाण्यात चढणारे सोड्याचे रासायनिक रंग १९५६ पासून बाजारात आहेत आणि बाटिकला तेच वापरतात. पण खळीला ते त्रास देतात. कापूस आणि पीठ हे रसायनाच्या दृष्टीने एकाच घराण्यातले. त्यामुळे हा रंग कापसाला जसा धरतो तसा पिठालाही धरतो आणि खळ निघता निघत नाही. म्हणूनच या रंगांनी छपाई करणारे कारखाने पिठाऐवजी समुद्रशेवाळातून काढलेला घट्टपणा वापरतात. हे माहीत नसलेला प्रशिक्षक तुम्हाला सांगेल की पीठ वाईट. पीठ वाईट नाही, जोडी चुकली.

खळीची खरी जोडी आहे ती निळीशी. (कपड्यांना घालतो ती नीळ नव्हे, ती तर नुसती वर बसते. ही रंगाऱ्यांची नीळ.) नीळ थंड हौदातच चढते. थोडा वेळ बुडवायचं, बाहेर काढायचं, वाऱ्यावर धरायचं. बाहेर येतं तेव्हा कापड हिरवट असतं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. सातवीतली पोरं हे बघून जी ओरडतील, ती कुठल्याही डिजिटल फळ्यावर ओरडणार नाहीत. हौदासाठी नीळ, चुना आणि गूळ एवढं पुरतं. चुना मात्र मोठ्यांनी हाताळायचा. नीळ नसेल तर बाजारातला कापडाचा साधा रंग ब्रशने लावावा, खळ त्यालाही अडवते.

आणि कच्चं काम म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. जपानमध्ये चिकट तांदळाचं पीठ आणि कोंडा वाफवून, त्यात मीठ आणि चुना घालून लेप करतात. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं म्हणून लेप तडकत नाही, आणि चुन्याने तो पक्का होतो. ही छपाई करणारे केइसुके सेरिझावा यांना १९५६ साली जपान सरकारने तिथला 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला. तांदळाचा लेप लावणाऱ्या माणसाला! चीनमध्ये सोयाबीनचं पीठ आणि चुना तेल पाजलेल्या कागदाच्या साच्यातून लावून निळीत बुडवतात. कच्चं आहे ते आपलं बघणं.

तिसरा आक्षेप, आणि हा मला सगळ्यात झोंबला: "हे आपलं नाही हो. जपान्यांचं आहे."

बरं. मग साबुदाणा कोणाचा? साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूला. तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांबरोबर तो आफ्रिकेत गेला. तिथे नायजेरियात अबेओकुटा, इबादान या भागांतल्या योरुबा बायकांनी त्याच कंदाच्या पिठाची खळ शिजवली. त्यात मोरचूद घातलं (आपल्या पुस्तकबांधणीवाल्यासारखंच!) आणि कोंबडीच्या पिसाने कापडावर चितारून ते निळीत बुडवलं. खळ एकाच बाजूने लावतात, म्हणून पलीकडून थोडा रंग शिरतो आणि नक्षी पांढरीशुभ्र न येता फिक्कट निळी येते. त्या कापडाला 'आदिरे एलेको' म्हणतात आणि आज ते जगभर योरुबांचं म्हणूनच ओळखलं जातं. कंद अमेरिकेचा, पण कला त्यांची. त्यांना कोणी विचारलं नाही की हा कंद तुमच्या बापजाद्यांचा आहे का. आणि आपण? तोच कंद एकादशीला खिचडी करून श्रद्धेने खातो, पण त्याची खळ कापडाला लावायची म्हटलं की आपल्याला परंपरेचा दाखला लागतो!

दाखले शोधणाऱ्यांचा उलटा प्रकारही असतो. पहूरपासून अजिंठा हाकेच्या अंतरावर. तिथल्या भित्तिचित्रांतल्या वस्त्रांवर ठिपके आणि पट्टे आहेत, आणि जाणकार त्यात बांधणी ओळखतात. लगेच कोणीतरी उठतो आणि सांगतो, आपल्याकडे दीड हजार वर्षांपूर्वी सगळं होतं. अरे, बांधणी म्हणजे दोरा. त्यावरून खळीचा दावा कसा करता? आपल्या यावल तालुक्यातलं फैजपूर इंग्रज अमदानीत छिटांसाठी आणि गडद निळ्या-लाल रंगासाठी नावाजलेलं होतं, हे गॅझेटियरात नोंदलेलं आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगा. पण फैजपूर म्हटलं की आपल्याला आठवतं ते १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावच्या साध्या सामानातून त्याची सजावट केली, हेही शिकवतो. मी स्वतः कितीतरी वर्षं शिकवलं. त्यातून घ्यायचा धडा मात्र घेत नाही: शांतिनिकेतनचा एवढा मोठा चित्रकार खानदेशात आला आणि त्याने इथे जे होतं तेच वापरलं. बाहेरून डबे मागवले नाहीत.

माझ्या मते 'आपलं' ठरवायची कसोटी साधी आहे. कोणी शोधलं ते विचारू नका. आपल्या घरातल्या सामानातून, आपल्याला आधीच येत असलेल्या हाताने ते होतं का, एवढंच विचारा. जपानी कलाकार कागदाच्या शंकूतून खळ पिळून रेघा काढतो, त्याला 'त्सुत्सुगाकी' असं भारदस्त नाव आहे. आपल्या सातवीतल्या मुलीला विचारा, मेंदीचा कोन धरता येतो का. डोळे मिटून धरेल! तिकडे साच्याचा कागद टिकावा म्हणून त्याला एका फळाचा तुरट रस पाजतात. ते फळ आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. आपण लग्नपत्रिकेच्या जाड कागदाला तेल लावलं तरी काम भागतं. रांगोळीचे ठिपके आहेतच. यात परकं काय राहिलं?

आता मूळ दुखण्याकडे येते. हे पिठाचं आणि मेणाचं भांडण खरं तर शाळेतल्या हाताच्या कामाचं भांडण आहे. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली: हाताने काम करत शिका. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये त्याला कार्यानुभव म्हटलं. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्य म्हटलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दप्तराविना दहा दिवस आले. ऐंशीहून जास्त वर्षांत नाव तीन वेळा बदललं आणि पोरांचे हात बहुतेक ठिकाणी रिकामेच राहिले. कार्यानुभवाच्या तासाला गणित घेतलेलं मी पाहिलं आहे. आदल्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या तयार वस्तूंवर पोरांची नावं चिकटवलेली पाहिली आहेत. आता तर फोटो काढून वर पाठवले की काम झालं. मेणाची बाटिक या सगळ्यात चपखल बसते: बाहेरचा माणूस येतो, करून दाखवतो, फोटो छान येतात. दुसऱ्या दिवशी मूल घरी जाऊन ते करू शकत नाही. खळीचं मूल घरी जाऊन आईला म्हणेल, "दोन चमचे मैदा दे." मला शिक्षणाची याहून सोपी व्याख्या येत नाही.

नुसतं भांडून थांबत नाही, कृती देते. नवा मांजरपाट आधी गरम पाण्यात चांगला धुऊन घ्या. गिरणीचा स्टार्च त्यात असतोच, तो निघाला नाही तर रंग नीट चढणार नाही. (म्हणजे पीठ काढायचं आणि पुन्हा पीठ लावायचं. हसा खुशाल.) एक वाटी मैदा, एक वाटी पाणी, चार लहान चमचे तुरटीची पूड. गुठळ्या मोडून फडक्यातून गाळा. कापड पाटीवर ताणून टाचण्या लावा, आणि कोनातून किंवा साच्यातून खळ घाला. पूर्ण एक दिवस वाळू द्या, घाई करू नका. तडे हवे असतील तर कापड अलगद चुरगाळा. मग ब्रशने कापडाचा रंग लावा. तो वाळला की फडकं ठेवून इस्त्री फिरवा, कोमट पाण्यात भिजवा आणि चमच्याच्या कडेने खळ खरवडून काढा. निळीच्या हौदात बुडवायचं असेल तर साबुदाण्याची किंवा तांदळाची शिजवलेली खळ घ्या आणि बुडी थोडक्यात आटपा. शाळेत मोरचूद वापरू नका, ते विषारी आहे. ते पुस्तकबांधणीवाल्याच्याच डब्यात राहू द्या.

पहिले दोन रुमाल बिघडतील. बिघडू द्या. का बिघडले, यावर जो तास होईल तो सगळ्यात चांगला होईल.

आणि शेवटची मागणी, हीच सगळ्यात महत्त्वाची. दप्तराविना दिवसांसाठी मुलांनी स्थानिक कारागिरांकडून शिकावं असं ते धोरणच म्हणतं. सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशी उदाहरणंही दिली आहेत. शेवटी 'इत्यादी' आहे. त्या 'इत्यादी'त पुढच्या वेळी गल्लीतली कुरडया घालणारी बाई बसवा. तिला खुर्ची द्या, बाहेरच्या प्रशिक्षकाला जे मानधन देता तेच द्या, आणि पोरांना सांगा की आजच्या तासाला या बाई तुमच्या शिक्षिका आहेत. चीक काचेसारखा कधी होतो ते ती दाखवेल. त्याचं लांबलचक नाव विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर लिहावं. दोघांनी मिळून एक तास घेतला तर नई तालमीपासून दप्तराविना दिवसांपर्यंतचा सगळा कागद त्या एका तासात खरा होईल.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, मी वाद घालायला तयार आहे. मात्र आधी एक रुमाल स्वतः करून बघा आणि मग लिहा, एवढीच अट.